चाच्यांच्या पुस्तकातली गाळलेली ओळ

समुद्र मी आजवर पाहिलेला नाही, आणि आता या वयात पाहण्याची हौसही उरलेली नाही. तरी समुद्रावरच्या चाच्यांबद्दल मी कुणाशीही पैज लावून बोलू शकेन. त्याला कारण दरेकशातली चार वर्षं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. आमचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा मध्य प्रदेशात. गोरेगावजवळ घरची धानाची शेती होती. ती पाहायला दोन थोरले भाऊ पुरेसे होते, म्हणून मला शिकवून मास्तर केलं आणि नेमणूक मिळाली ती दरेकशाला. डोंगर, जंगल, लहानसं स्टेशन आणि एका खोलीची शाळा. शाळा सुटली की बोलायला माणूस नाही. स्वभाव माझा मुळातच घुमा, त्यात मास्तरकीचा ताठा. लोक ‘राम राम गुरुजी’ म्हणून पुढे सरकत आणि मी ओट्यावर एकटा पुस्तक घेऊन बसे.

तिथंच तो भेटला. रेल्वेच्या गँगमध्ये होता, रुळाखाली गिट्टी भरणारा. बाप डोंगरापलीकडचा छत्तीसगडी, आई इकडची, त्यामुळे बोलणं दोन्हीकडचं कालवलेलं. एका दुपारी पाणी मागायला ओट्यावर आला आणि म्हणाला, “गुरुजी, एकटेच कायले हसून राहिले?” मी हसत नव्हतो. इंग्रजी शब्द अडला होता म्हणून तोंड वाकडं झालं होतं. पण त्याच्या प्रश्नानं मात्र खरंच हसू आलं, आणि कित्येक महिन्यांत आपण हसलोच नव्हतो हे ध्यानात आलं.

मग सुट्टीच्या दुपारी तो येऊ लागला. चाच्यांवरचं ते इंग्रजी पुस्तक बदली होऊन गेलेल्या एका जंगल अधिकाऱ्यानं शाळेला देऊन टाकलं होतं. पुठ्ठा गायब, सुरुवातीची पानं वाळवीच्या पोटात. इंग्रजी माझं मॅट्रिकपुरतं, तेव्हा शब्दकोश उघडत मी वाचायचो आणि त्याला मराठीत सांगायचो. ‘चाचे’ हा शब्द त्याला रुचला नाही. तो त्यांना ‘पान्यावरचे डाकू’ म्हणे. त्याचे प्रश्नही गँगमनचे असत. वादळापेक्षा आणि तलवारींपेक्षा त्याला काळजी वेगळीच. “इतल्या दिवसांचा तांदूर कोठी ठेवत असन जी? ओला नाही होत?”

हिवाळ्यात ओट्यावर छान ऊन येई. एकाच घोंगड्यावर आम्ही पडत असू, त्याचं डोकं माझ्या मांडीवर आणि पुस्तक मी त्याच्या कपाळावर टेकवलेलं. चार लोकांत तो मला ‘तुमी’ म्हणे, घोंगड्यावर ‘तू’. माझा त्याच्यावर जीव जडला होता. आज हे लिहिताना हात अडखळत नाही, तेव्हा मनातल्या मनात म्हणायलाही मी धजत नव्हतो. कधी वाटे, याचंही तसंच आहे. दुसऱ्या क्षणी वाटे, आपण मनातले मांडे खातोय, दुसरं काही नाही.

अशाच एका दुपारी त्या पुस्तकातलं एक प्रकरण आलं. चाच्यांच्या एका बेटावर रीत होती म्हणे. दोन गड्यांनी आपलं किडूकमिडूक एकत्र करायचं, एका खोपटात राहायचं, एका भांड्यात शिजवायचं. एक मेला तर मागे राहिलेल्याला सारं मिळायचं, तसा कागद करायचा. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होता. त्यापुढची ओळ मी मनात वाचली आणि थांबलो. हे दोघं नवरा-बायकोसारखे राहत आणि तिथं त्याचं कुणाला नवल वाटत नसे, असं पुस्तकात होतं. लिहिणाऱ्यानं नाक मुरडून लिहिलं होतं, पण लिहिलं होतं.

“पुढं काय हाय?” त्यानं विचारलं.

“भावासारखे राहत,” मी म्हणालो आणि पान उलटलं.

त्यावर आठ दिवस गेले. नवव्या दिवशी आला तो ठरवूनच. “हे तं आपल्या महाप्रसादासारखंच झालं,” म्हणाला. “आपुन महाप्रसाद बदू.”

महाप्रसाद म्हणजे जन्माची मैत्री. जगन्नाथपुरीहून आणलेला वाळका भात दोघांनी एकमेकांच्या तोंडात घालायचा, गावासमोर. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ‘महाप्रसाद’ अशीच हाक मारायची. म्हणून इथंही मी त्याचं नाव लिहीत नाही. दोन्ही घरं एकमेकांची सोयरी होतात, जात आड येत नाही, सुतकसुद्धा पाळतात. मला ते ऐकून इतका आनंद झाला की रात्रभर डोळा लागला नाही. चाच्यांनी केला तसा कागदच आपण करतोय, असं मला वाटलं.

पुरीला जाऊन आलेल्या एका म्हाताऱ्याकडून त्यानं चिमूटभर भात मिळवला. त्याच्या घरच्या अंगणात तुळशीपुढे आम्ही नवी धोतरं नेसून बसलो, नारळ बदलले. भात घालताना त्याची बोटं माझ्या ओठांना लागली तेव्हा सारं गाव बघत होतं आणि कुणालाच त्यात वावगं दिसत नव्हतं. मग त्याच्या आईनं कुंकू लावता लावता विचारलं, “मोठा कोन जी दोघांत?” आम्हां दोघांत फार तर सहा महिन्यांचं अंतर, आणि त्याच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. मी लगेच ‘मी’ म्हणालो. मास्तरकी जाते कुठं?

दुसऱ्या रविवारी तो ओट्यावर आला, लांब उभा राहिला आणि हात जोडून “सीताराम महाप्रसाद” म्हणाला. घोंगडं अंथरलेलं होतं. तो पायरीवर बसला. मी म्हटलं, “अरे, वर ये.” तर म्हणतो, “आता असं कसं जी? तुमी मोठे भाऊ.” ‘तू’ गेला तो गेलाच. माझ्या ताटातला घासही तो उचलेना. उलट सणाला माझे पाय धुवायला तांब्या घेऊन पुढं येऊ लागला. महाप्रसादाचा मान राखायचा असतो, आणि तो मनापासून राखत होता. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय हे मला तेव्हा कळलं, पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही.

वर्ष सरताना त्याच्या आईनं मला बोलावलं. बाप नव्हता, तेव्हा घरातला मोठा मीच. “बाबू, मोठा भाऊ असून बसून काऊन राहिला? त्याच्यासाठी पोरगी पाह्य.” आणि मी गेलो. बैलगाडीत बसून, डोक्याला फेटा बांधून, दोन गावं पालथी घातली. वाईट पोरगी पसंत करायचं पाप मात्र केलं नाही. चांगली, कष्टाळू, हसऱ्या तोंडाची पाहिली. लग्नात मानाचं धोतर मला मिळालं. लोक म्हणाले, सख्खा भाऊ करणार नाही एवढं गुरुजीनं केलं.

लग्नानंतर त्याचं घर मला कायमचं बंद झालं. म्हणजे दार उघडंच असे, पण मी होतो जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे धाकट्याची बायको जेठासमोर येत नाही, तोंड दाखवत नाही, बोलत नाही. जेठानं अंगणात खाकरायचं आणि ओसरीवरच बसायचं. धाकटा दीर असतो तर चुलीपर्यंत गेलो असतो, वहिनीची थट्टा केली असती, दुपारी तिथंच आडवा झालो असतो. सहा महिन्यांच्या मोठेपणानं माझं वाटोळं केलं. मी खटपट करून दवनीवाड्याला बदली मागून घेतली.

तिथंही धानाचीच शेतं, तशीच शाळा, तसाच ओटा. लग्न मी केलं नाही. मोठे भाऊ ओरडून ओरडून थकले. पोळ्याला एकदा मी दरेकशाला जायचो, कारण न गेलो तर महाप्रसाद मोडल्यासारखं होतं. एका वर्षी, त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली असतील, ओसरीवर मला ताट वाढलेलं होतं आणि तो समोर, रीतीप्रमाणे, मी जेवेपर्यंत न जेवता बसला होता. अंगात थोडा भरला होता. अचानक म्हणाला, “महाप्रसाद, तुमी त्या डाकूंच्या पुस्तकात एका जागी थांबले होते.”

“कुठं?”

“त्या दोघांच्या जागी. तुमची मांडी कडक झालती. अजून काही लिवलं होतं ना जी तेथी?”

मी घास चावत राहिलो. इतकी वर्षं असं काही विचारायचं त्याच्या मनात असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. “असेल,” म्हणालो. “आता काय आठवतंय.”

“मले वाटे, आज सांगन, उद्या सांगन. मले कोठी वाचता येते? म्हटलं, शिकलेला मानूस हाय, त्यानंच पयले बोलाव.” तो अंगणाकडे पाहत होता. “म्हनून तं महाप्रसाद बदला. तेवढ्यानं तरी बोलन म्हटलं, तं तुमी ‘मोठा मी’ म्हनून बसले. तरी लगन जुळेवरी वाट पायली म्या. अन् तुमीच पोरगी पाहून आले.”

त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला रडू येत होतं आणि मोठ्या भावानं ओसरीवर बसून रडायचं नसतं. दाराआड बांगड्या वाजल्या, हलक्या आवाजात काही बोलणं झालं. त्यानं मान वळवून ऐकून घेतलं.

“इचारून राहिली,” तो म्हणाला, “महाप्रसादाले भात अजून पाहिजे का म्हनून.”

मी ताटावर हात आडवा धरला.