‘जुना नंबर नको’

शर्टाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काजं करून ती घरी बसली होती. मुलाच्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं. खिडकीजवळची खुर्ची आणि दुपारी चारचा फोन. फोन तिच्या ताईचा. ताई आंधळी, शहराच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात राहायची. तिथल्या व्हरांड्यातल्या फोनची बटणं चाचपत ती हाच एक नंबर लावायची, कारण तिला तोंडपाठ तेवढाच होता. मग गुडघे, जेवण, कोण गेलं, कोण अजून जायचं नाव घेत नाही. दोघी पोट धरधरून हसायच्या.

मुलगा घरूनच काम करायचा. चारला त्याची मीटिंग, आणि नेमकी तेव्हाच बेल खणखणायची. “झालं, आल्या बाईसाहेब,” तो दातओठ खात म्हणायचा.

इंटरनेटचा करार संपत आला तेव्हा कंपनीतून फोन आला. आणखी दोन वर्षं राहा, तांब्याची तार काढून थेट घरापर्यंत फायबर देतो. मुलाने स्पीकर लावला होता.

“जुना फोन नंबर फायबरवर चालू ठेवायचा का, सर?”

आई समोरच मटार सोलत होती. मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

“नको. त्यावर कोणी फोन करत नाही.”

तो इतक्या सहज बोलला, की दुसऱ्याच कुठल्या तरी नंबराचं चाललंय असं तिला वाटलं. निदान तिने तसं वाटून घेतलं.

मंगळवारी तारवाला आला. भिंतीला भोक पाडून त्याने बारीकशी तार आत ओढली, पांढरी डबी ठोकली आणि जुनी तार कापली.

“फोन कुठे लावायचा?” तिने विचारलं.

“अर्जात फोन नाही, आजी. ‘जुना नंबर नको’ असं लिहिलंय.”

“मग परत सुरू करा ना.”

“आता तो नंबर मिळायचा नाही.” तो मान खाली घालून पसारा आवरू लागला.

चार वाजले. मुलाची मीटिंग झकास झाली.

“अरे, आश्रमात फोन लावून दे.” तिथला नंबर त्याच्याच मोबाइलमध्ये होता.

“रविवारी लावू.” रविवारी तो म्हणाला, पुढच्या रविवारी. एकटीने दोन बस बदलायची तिची छाती होत नव्हती. जीव टांगणीला लावून तिने बारा दिवस काढले.

शेवटी त्याने लावून दिला. आधी तिथली सेविका बोलली. “आजी रोज नंबर फिरवायच्या. रोज तेच ऐकू यायचं, हा नंबर अस्तित्वात नाही. ‘माझी बहीण गेली’ म्हणून त्यांनी जेवण सोडलं. तुमच्या मुलाला दोनदा फोन केला, ते मीटिंगमध्ये होते. मग आम्हाला बघवेना. ऑफिसातल्या फोनवरून व्हरांड्यात फोन लावून मीच तुम्ही असल्यासारखं बोलले. त्यांनी लगेच पकडलं.”

ताईने फोन घेतला.

“ताई, मी बोलतेय गं.”

“आज जरा बरी जमलीय नक्कल,” ताई म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती विचारत विचारत आश्रमात पोचली. ताईने तिचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटीवरचा लहानपणीच्या खोकेचा व्रण. आता ही मिठी मारणार, असं तिला वाटलं.

“तूच आहेस,” ताई म्हणाली. “म्हणजे जिवंत होतीस.”

“हो गं.”

“मग नंबर कोणी काढला?”

मुलाचं नाव ओठांवर आलं होतं. पण पुढे ताई विचारणार, तेव्हा तू कुठे होतीस? आणि ती तर समोरच बसली होती.

“आमच्याच घरून निघाला,” ती म्हणाली.

ताईने हात काढून घेतला.

मुलाने नंतर त्याचा जुना मोबाइल तिला दिला. ताई म्हणाली, आता नवीन नंबर डोक्यात राहायचा नाही. मग ती दर आठवड्याला जाऊ लागली. ताई बोलायचं टाळत नाही. व्हरांड्यात येऊन ताठ बसते.

“या. बसला गर्दी नव्हती ना?”

“ताई, मला अहो-जाहो नको गं करूस.”

“तसं काही नाही,” ताई म्हणते. “तुम्ही चहा घेणार का?”