शांताक्काचा लाल दोरा

शांताक्का सकाळी उठली की आधी आडात डोकवायची. वडगावातल्या आमच्या गल्लीत चार घरांचा मिळून एक आड आहे. त्यात तिचं मडकं पाण्याखाली टांगलेलं असायचं. वाळूत ब्लीचिंग पावडर कालवून भरलेलं, बुडाला दोन बारीक भोकं. त्यातून औषध हळूहळू पाण्यात उतरायचं. हिरवट पाण्यात ते मडकं झोपेत कूस बदलावी तसं हलायचं. "आपण निजलो तरी ते जागं असतंय," ती म्हणायची.

मडकं भरायला आरोग्य खात्याच्या बाईंनी शिकवलं होतं. दोरा मात्र तिचा स्वतःचा. तिनं जन्मभर मागावर साड्या विणल्या. काठाचा उरलेला लाल दोरा ती भोकाजवळ बांधायची. औषध असेल तर आठवडाभरात त्याचा रंग उडायचा. लालच राहिला, तर मडकं पुन्हा भरायचं. मी बी.एस्सी.ला गेल्यावर तिला क्लोरीन समजावायला गेले, पण नीट जमलं नाही. "आसू दे गं. दोऱ्याला कळतंय, बास," ती म्हणाली.

तिची लेक सुमी तीन वर्षांची असताना हगवणीनं गेली होती, याच आडाच्या पाण्यानं. ती ते बोलत नसे. एकदाच बोलली. माझ्या पुतणीच्या बारशाला चहाला वास नको म्हणून आमच्या आप्पांनी मडकं वर काढून ठेवलं होतं. आक्का आडाशी येऊन उभी राहिली.

"वास काय, जाईल की ओ आप्पा. माझी सुमी आली काय परत?"

आप्पांनी मडकं पुन्हा आत सोडलं. त्या दिवशी वासाचा चहा सगळे प्याले. आक्का दोन कप प्याली.

गेल्या महिन्यात आक्का झोपेतच गेली. तेराव्यापर्यंत आडाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग मी मडकं ओढलं. तिनं बांधलेला दोरा पांढरा झाला होता. मी नवा बांधला. आठ दिवसांनी पाहिलं, तर तो तसाच लाल. पुतणी आता रांगते, वाटी दिसली की हात पुढे करते. आक्काला हाक मारायला मी वळलेसुद्धा.

मग मीच वाळू चाळली, पावडर कालवली. आठवडाभर बाळाला उकळलेलं पाणी दिलं. वर्गात बसले तरी मला पाण्याखाली तो दोरा हलताना दिसायचा.

परवा मडकं वर घेतलं. दोरा आक्काच्या जुन्या लुगड्यासारखा फिका झाला होता. तो सोडून मी नवा लाल दोरा बांधला आणि मडकं परत आत सोडलं.

मग आत जाऊन म्हणाले, "वहिनी, दे तिला आडाचं पाणी."