बरणीतली माती

माती तपासण्याच्या कामात बुटाला चिखल चिकटतो आणि डोक्यात किस्से. चिखल निदान धुता येतो. मोबाइलला बटणं होती तेव्हा नवीन पनवेलच्या आमच्या लहानशा लॅबमध्ये, पेट्रोल पंप आणि तेलाच्या डेपोंच्या आसपास मातीत किती तेल मुरलंय, ते आम्ही मोजायचो.

आमच्या बॉस साठे मॅडम. सॅम्पल घ्यायच्या दिवशी अत्तर-पावडर बंद, मशीनला सगळं कळतं, हा त्यांचा नियम. ड्रायव्हर रफीकभाई बिचारे जुम्म्यालाही अत्तराविना. "मॅडम, मशिदीत सगळे विचारतात, तबियत बरी नाय काय?"

याच रफीकभाईंनी एकदा वाटेत डिझेल भरलं आणि त्याच हातांनी रिकाम्या बरण्या प्रेमाने पुसून ठेवल्या. त्या दिवशी शाळेच्या मैदानाच्या मातीतही डिझेल निघालं! मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आज आपण रफीकभाईंचे हात तपासले."

सॅम्पलच्या फ्रिजमध्ये डबा ठेवायला बंदी होती. मी एकदाच कोलंबीचं कालवण ठेवलं. पेट्रोल पंपाची चव कशी असते, हे तेव्हापासून मला ठाऊक आहे.

पण सगळ्यात भारी किस्सा हिराबाईंचा. जासईकडे एका डेपोच्या भिंतीला लागून त्यांचा भाजीचा मळा आणि विहीर. पाण्याला रॉकेलचा वास यायचा. म्हातारी पिण्याचं पाणी लांबून डोक्यावर आणायची. डेपोचे साहेब म्हणायचे, "आमचं काही गळत नाही, तुमच्याच विहिरीवरच्या पंपाचं तेल असेल." शेवटी भिंत आणि विहिरीच्या मधली माती तपासायचं ठरलं. माती स्वच्छ निघाली तर हिराबाईंचं पुन्हा कुणी ऐकणार नव्हतं.

सॅम्पलच्या आधी हिराबाई लेकीकडे उरणला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर मळ्याची ती कड छान सपाट केलेली. "साहेबानं बांध नीट करून दिला. मानूस वाईट नाय," असं त्याच आम्हाला कौतुकाने सांगत होत्या. आम्ही बरण्या भरल्या.

रिपोर्ट घ्यायला हिराबाई आणि साहेब दोघंही लॅबमध्ये आले. आकडा असा आला होता की मॅडमनी मशीन पुन्हा चालवून पाहिलं होतं. इतकं तेल आम्ही कुठल्याच मातीत पाहिलं नव्हतं.

साहेब ताडकन उठले. "शक्यच नाही! ही तिथली मातीच नाही. तिथलं सगळं खोदून काढून मी कोन गावाहून दोन डंपर नवी माती टाकलीय. तिथल्या ट्रक गॅरेजच्या मागची!"

रफीकभाई दारात चहाचा ट्रे घेऊन तसेच उभे.

हिराबाईंनी पदर सावरला आणि साहेबांना अगदी मायेने विचारलं, "मंग बाला, माजी माती कुटं नेलीस?"