ढोलीचं पथ्य

हॉस्पिटलच्या तळघरातल्या स्वयंपाकघराचे मुख्य आचारी म्हणजे पथ्यकाका. त्यांचं खरं नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं. बिनमिठाचं, बिनतेलाचं रांधण्यात त्यांचा हातखंडा. "काका, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" असं पेशंट वैतागून विचारायचे, आणि काका खूश व्हायचे. "बरे व्हा, मग घरी जाऊन हवं ते हादडा!"

घरी ते, काकू आणि मांजर. मांजर इतकी गुटगुटीत, की खिडकीत चढायला तिला आधी खुर्ची लागे. म्हणून नाव ढोली. एके दिवशी ती खुर्चीवरूनही घसरली आणि काकांनी मनावर घेतलं. मासळी बंद, कोंबडी बंद. उकडलेला भोपळा, मऊ भात, पाणी घातलेलं दूध सुरू.

"अहो, ती मांजर आहे. तुमच्या वॉर्डातली पेशंट नाही!" काकू करवादल्या.

"पोट ते पोट. माणसाचं काय अन् मांजराचं काय!"

पहिले काही दिवस ढोलीने घर डोक्यावर घेतलं. मग गप्प झाली. काका म्हणाले, "बघ, रुळली." वॉर्डातही असंच व्हायचं, कुरकुर थांबली की पेशंट पथ्याला सरावला म्हणायचं. पुढे तिने बशीकडे बघणंच सोडलं, तर काका म्हणाले, "लंघन करतेय. शहाणी आहे."

काकूंना तिचे कान आतून पिवळे दिसले, तेव्हा कुठे दोघं तिला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात धावले.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांना मुलीसारखी. तिने ढोलीचा कान उलटून पाहिला. "खायला काय देता?"

काकांनी सगळं सांगितलं. सुरुवातीला जरा ऐटीतच. तिचा चेहरा बघत बघत त्यांचा आवाज खाली आला.

"काका, मांजराला मांस लागतंच. आणि लठ्ठ मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर चरबी चढून ते काम करेनासं होतं. हिचं तेच झालंय."

"मग आता... पथ्य काय?"

"काही नाही. जे खाईल ते द्या. आज खाल्लं नाही तर नळीने भरवावं लागेल. तरी वाचेलच असं मी सांगू शकत नाही."

घरी येऊन काकांनी कोंबडी शिजवली. मासा वाफवला. दुकानातून मांजरांच्या खाण्याचा डबा आणून फोडला. ढोलीने एकेक बशी हुंगली आणि तोंड फिरवलं. काकांची चाहूल लागली की ती आणखीच भिंतीकडे सरकायची.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातूनही नाही.

काका फरशीवर मांडी ठोकून बसले. आयुष्यभर लोकांना 'हे खाऊ नका' सांगितलेला माणूस. 'खा' कसं म्हणायचं, तेच सुचेना. "खा गं बाई. एवढंसं. तुला आवडायचं ना हे? मग?"

बोट रश्श्यात बुडवून त्यांनी तिच्या ओठांशी नेलं. जीभ बाहेर आली, एकदाच. खरखरीत, कोरडी.

"खाल्लं?" काकूंनी घाईघाईने विचारलं.

"चाटलं."

"म्हणजे खाल्लं ना?"

ढोलीने हनुवटी त्यांच्या तळव्यावर टेकवली आणि डोळे मिटून घेतले. बोटावरचा उरलेला रस्सा तसाच सुकत गेला.

काकूंनी माळ्यावरची टोपली काढून तिच्यात जुना टॉवेल अंथरला. "अहो, उठा. दवाखाना उघडा आहे तोवर नेऊ."

"हो," काका म्हणाले. पण ढोलीच्या हनुवटीखालचा हात त्यांना काढवेना.