रहस्यकथेविरुद्धची तक्रार

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता विसरलो. ही मात्र डोक्यातून जात नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात शिवाजी पेठेत एक शिक्षिका राहायच्या. त्या रहस्यकथा लिहायच्या, मुद्रितं स्वतः तपासायच्या, स्वतःच छापून एसटी स्टँडच्या स्टॉलवर ठेवायच्या. एके सकाळी त्यांचा मलकापूरचा भाऊ आमच्या पोलीस ठाण्यात आला आणि त्यांचं नवं पुस्तक टेबलावर आपटलं.

"भैनीनं माझी बदनामी केलीया. केस घ्या."

बदनामी अदखलपात्र, कोर्टात जा, असं ठाणे अंमलदारानं सांगितलं. तो हटेना. शेवटी मी पुस्तक चाळलं. त्यात कोकणातला एक सराफ बायकोला विष घालतो. हा गृहस्थ शेतकरी, आणि याची बायको वर्षापूर्वी पाय घसरून विहिरीत पडलेली. अकस्मात मृत्यू अशी नोंद.

"पावणं, यात तुमचा काय संबंध?"

तो ओरडला, "इख लिवलं म्हणून काय झालं? ढकललेली हाय, हे वाचणाऱ्याला कळतंय की!"

हवालदाराचं लिहिणं थांबलं. आपण काय बोललो ते भावालाही कळलं. पुस्तक तिथंच टाकून तो बाहेर पडला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. मी बाईंना बोलावलं.

"ताई, तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"आईनं. तिनं डोळ्यांनी बघितलंय. मला सांगितलं आणि वर तोंड उघडायचं नाही म्हणून शपथ घातली. वहिनीसाठी मला एवढंच जमलं, साहेब."

माझा अहवाल मलकापूरकडच्या ठाण्याकडे गेला. तपास पुन्हा सुरू झाला. म्हातारीनं रडत जबाब दिला, मुलाला अटक झाली.

कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "म्या कायबी बघितलं न्हाय. ह्या पोरीला गोष्टी रचायची सवयच हाय."

साक्षीदार फितूर. दुसरा पुरावा नव्हता. भाऊ निर्दोष सुटला. बाहेर आल्यावर म्हातारी त्याचा हात धरून पायऱ्या उतरली. बाई शेजारीच उभ्या होत्या. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. बाईंनी पुढे एक ओळ लिहिली नाही, असं ऐकलं.

म्हातारीचा राग मला फार दिवस आला. मग लक्षात आलं की कोर्ट सुटल्यावर साक्षीदाराला जेवायला कुठल्या तरी घरी जावं लागतं. तिला त्याच मुलाच्या घरी जायचं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जबाब घेताना माझा पहिला प्रश्न एकच असायचा: राहता कुणाकडे?