अर्धा टक्का महाग

शालन वाघमारे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्या. नवऱ्याची व्हीलचेअर आत जावी म्हणून त्यांना कोथरूडच्या फ्लॅटमधलं बाथरूम मोठं करायचं होतं. फ्लॅट त्यांच्याच नावावर होता. तो तारण ठेवायला त्या सर्वांत कमी व्याजाच्या फायनान्स कंपनीत गेल्या.

अधिकारी कागद न बघताच म्हणाला, "मावशी, मुलाला पाठवा. अटी तुम्हाला समजायच्या नाहीत."

"मग समजावून सांगा. त्याचाच पगार घेता ना? मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती?"

"सही करताना कळेल."

शालनताईंनी फाइल उचलली आणि थेट सरकारी बँकेत अर्ज केला. तिथे चार हेलपाटे पडले, पण प्रत्येक अट वाचायला मिळाली.

"अर्धा टक्का जास्त देतेयस," नवरा कुरकुरला.

"त्या माणसाला दहा वर्षं हप्ते भरण्यापेक्षा स्वस्तच पडलं."