कुऱ्हाडीच्या आधीची शांतता

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, की मला औरंगाबादच्या त्या थिएटरातली दुपार आठवते. देवादिकांचा सिनेमा बघायला आम्ही गंगापूरहून जीपनं आलो होतो. मध्ये आई, एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला मी. आधी एका भुताच्या सिनेमाचा ट्रेलर लागला. पडद्यावर एक बाई जीव घेऊन पळत होती, ढोल वाढत चालला होता, आणि दारामागं कुऱ्हाड उचलली गेली तसा सगळा आवाज एकदम बंद पडला. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं. त्या शांततेत आईनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. मग कुऱ्हाड पडली, रक्त उडालं, लोक किंचाळले. घरी वडील मारायच्या आधी असेच गप्प व्हायचे, आणि मग तांब्या, लाटणं, हाताला येईल ते आईच्या डोक्यात बसायचं. मागच्या खुर्चीवरची बाई हळूच म्हणाली, "डरो नक्को बाजी, परदे पे है वो." पदर सावरत आई म्हणाली, "मी तिकडं बघतच नव्हते." शेंगा फोडणारा वडिलांचा हात थांबला. अजूनही ट्रेलरमध्ये आवाज तुटला, की सगळे पडद्याकडं बघतात. मी शेजारच्याचे हात बघते.